रुंदी सगळे मोजतात, उंचीचं काय? कोळसा खाणीतल्या पिलरचं गणित

जमिनीखालच्या कोळसा खाणीत सगळ्यात महाग कोळसा कोणता, तर जो काढता येत असूनही जागेवर सोडून द्यावा लागतो तो. थर सापडलेला असतो, तिथवर पोचायला शाफ्ट (उभी विहीर) नाहीतर इन्क्लाइन (उतरती वाट) खणून झालेली असते, हवेसाठी पंखे आणि पाण्यासाठी पंप रात्रंदिवस चालू असतात. आणि एवढा खर्च झाल्यावर निम्म्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही जास्त, कोळसा हात न लावता ठेवायचा, कारण वरचा सगळा खडक त्यावर तोललेला असतो. या राखलेल्या कोळशाच्या खांबांना पिलर म्हणतात. पिलर किती मोठा ठेवायचा, यावरून खाणीत कायम ओढाताण चालते. उत्पादनाचा आकडा ज्याला द्यायचाय त्याला तो लहान हवा असतो, आणि छताखाली उभं राहून काम करणाऱ्याला मोठा.

या ओढाताणीत बोलणं होतं ते रुंदीबद्दल. घात मात्र पुष्कळदा उंचीने केलेला आहे, आणि तो का, हे कळायला थोडं गणित करावं लागतं. शाळेतल्या गणिताच्या पलीकडचं त्यात फारसं काही नाही.

एका खांबावर किती वजन?

आपल्याकडे रुळलेली पद्धत म्हणजे बोर्ड अँड पिलर. कोळशाच्या थरात समांतर गॅलऱ्या, म्हणजे बोगद्यासारख्या वाटा, काढत जायच्या, ठरावीक अंतरावर त्यांना आडव्या छेदणाऱ्या गॅलऱ्या काढायच्या, आणि मधे उरतात ते चौकोनी पिलर. या टप्प्याला डेव्हलपमेंट म्हणतात. पुढे कधीतरी, परवानगी घेऊन, हेच पिलर मागे सरकत सरकत काढून घेतात आणि छत पाडून टाकतात. ते डिपिलरिंग. दोन्हींच्या मधे कधी काही महिने जातात, कधी वीस-तीस वर्षं.

समजा थर १५० मीटर खोल आहे, पिलर १२ बाय १२ मीटरचा आहे आणि गॅलरी ६ मीटर रुंद आहे. म्हणजे एका पिलरच्या मध्यापासून शेजारच्या पिलरच्या मध्यापर्यंत १८ मीटर. प्रत्येक पिलर आपल्या डोक्यावरचा खडक उचलतोच, शिवाय चारही बाजूंच्या गॅलऱ्यांचा अर्धा अर्धा भारही त्याच्यावरच येतो. खडकाचं वजन घनमीटरला साधारण अडीच टन धरलं, तर १८ गुणिले १८ गुणिले १५० गुणिले अडीच, म्हणजे १ लाख २१ हजार ५०० टन. हे एका पिलरवर.

हे वजन पिलरच्या १४४ चौरस मीटरवर वाटलं की दर चौरस मीटरला ८४४ टन पडतात. गॅलऱ्या काढण्याआधी याच जागी दर चौरस मीटरला ३७५ टन होते. कोळसा निघाला ५६ टक्के, पण उरलेल्यावरचा भार सव्वादोन पट झाला. खोली दुप्पट केली की हा भार सरळ दुप्पट होतो, म्हणून खोल खाणीत पिलर मोठेच ठेवावे लागतात. इथवर कुणाचंच दुमत नसतं.

कोळशाची ताकद नेमकी कुठे असते

भार कळला, आता पिलर किती सोसेल ते बघू. कोळशाचा अडीच सेंटिमीटरचा ठोकळा कापून प्रयोगशाळेतल्या यंत्रात दाबला तर जो आकडा मिळतो, तो पिलरला जसाच्या तसा लावता येत नाही. लहान ठोकळ्यात चिरा कमी असतात. मोठ्या खांबात कोळशाच्या नैसर्गिक फटी, मातीचे पातळ पट्टे, जुने सांधे असं सगळंच येतं. बिएनियावस्की यांनी १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या विटबँक भागात खाणीतच, जागेवर, मोठमोठे ठोकळे कापून ते जॅकने दाबून पाहिले. ठोकळा जितका मोठा, तितकी दर चौरस मीटरची ताकद कमी भरत गेली. साधारण दीड मीटरच्या ठोकळ्यानंतर मात्र ती फारशी घसरली नाही. त्याचा एक फायदा असा झाला की दीड मीटरच्या पुढे पिलर कितीही मोठा असला, तरी कोळसा म्हणून त्याची ताकद एकच धरता येते. फरक पडतो तो आकाराने.

आणि आकारात सगळं आलं. पिलरच्या कडेचा कोळसा गॅलरीकडून मोकळा असतो. वरून भार आला की तो बाहेरच्या बाजूला फुगतो, सुटतो, पडतो. आतल्या कोळशाला मात्र बाहेर पडायला वाट नसते, कारण चारही बाजूंनी कोळसाच दाबून धरतो. गोदामात सुटे तांदूळ ओतले तर ते पसरतात, पण तेच पोत्यात भरले की पोत्यावर पोतं रचून थप्पी छताला नेता येते. पिलरचा बाहेरचा मीटर-दोन मीटर थर आतल्या गाभ्यासाठी या पोत्याचं काम करतो. तो स्वतः फार वजन घेत नाही, पण आतल्याला घेऊ देतो.

आता या पिलरची उंची वाढवा. रुंदी तीच, पण बाजूची मोकळी भिंत उंच झाली. फुगायला जास्त जागा मिळाली, छत आणि जमीन जी पकड देत होती ती मधल्या भागापासून लांब गेली. दाबून धरलेला गाभा लहान होतो. म्हणून खाणशास्त्रात नुसत्या रुंदीला अर्थ नाही, रुंदी भागिले उंची या प्रमाणाला आहे. १२ मीटर रुंद पिलर २.४ मीटर उंच असेल तर हे प्रमाण ५ येतं. तोच ४.२ मीटर उंच केला की ३ च्या खाली. नकाशावर दोन्ही १२ बाय १२ च दिसतात.

खाणीत हे डोळ्यांनी बघता येतं. भार वाढलेल्या पिलरचे आधी कोपरे जातात, कारण तिथे दोन बाजू मोकळ्या असतात. चौकोनी पिलर हळूहळू गोलसर होतो. मग बाजूंवर उभ्या चिरा दिसतात, त्यातून कोळशाच्या पातळ पाट्या सुटून गॅलरीत पडतात, आणि पिलर कमरेत बारीक होऊन वर-खाली रुंद राहतो. तळाशी पडलेला चुरा साफ केला की चांगलं दिसतं, पण तो चुरा खालच्या भागाला थोडा टेकू देत असतो. स्टीलचे सपोर्ट आल्यावरही जुने लोक लाकडी टेकूवर विश्वास ठेवायचे ते अशासाठी की लाकूड मोडण्याआधी करकरतं. पिलर तेवढी सवड देईलच असं नाही.

कोलब्रुक, २१ जानेवारी १९६०

दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फ्री स्टेटमध्ये कोलब्रुकची खाण होती. थर जाड होता, पण सुरुवातीला गॅलऱ्या थराच्या फक्त खालच्या भागात काढल्या होत्या. वरचा कोळसा छत म्हणून ठेवला होता. मागणी वाढली तसा काही भागांत हा छताचा कोळसाही काढायला सुरुवात झाली. नवी गॅलरी नाही, नवा पिलर नाही, फक्त आहे त्या गॅलरीत वरचा कोळसा पाडायचा आणि उचलायचा. यापेक्षा स्वस्त कोळसा मिळत नाही.

२८ डिसेंबर १९५९ ला एका भागातले पिलर बसले. काम थांबलं नाही. २१ जानेवारी १९६० ला दुपारनंतर पुन्हा आवाज यायला लागले, आत जोराचा वारा सुटला. संध्याकाळी शेकडो पिलर एकापाठोपाठ एक बसत गेले आणि तीन चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र खाली आलं. त्या वेळी खाणीत सुमारे हजार माणसं होती. ४३५ परत आली नाहीत. कुणी जिवंत असेल म्हणून वरून बोअर मारून पाहिलं, पण त्यांच्यापर्यंत कुणालाच पोचता आलं नाही. ते अजून तिथेच आहेत.

माझ्या मते कोलब्रुकची खरी भयानक गोष्ट ही की तिथे कुणी पिलर चोरून बारीक केला म्हणून हे झालं असं म्हणता येत नाही. पिलरला बाजूने हात न लावता तो कमकुवत करता येतो, हे तिथे दिसलं. पिलर चालेल की नाही हे तोवर अनुभवावरून ठरत असे. अमुक खाणीत अमुक मापाचा उभा आहे ना, मग आपलाही राहील.

त्यानंतर मिक्लोश सालामन आणि मन्रो या दोघांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींमधल्या १२५ जागांची मापं गोळा केली. ९८ ठिकाणी पिलर उभे होते, २७ ठिकाणी बसलेले होते. प्रत्येक ठिकाणची खोली, पिलरची रुंदी, गॅलरीची रुंदी आणि उंची मांडून, उभे आणि बसलेले यांना वेगळं करणारं सूत्र त्यांनी १९६७ मध्ये दिलं. प्रयोगशाळेतला कोळसा नव्हे, खरे पिलर हाच त्यांचा नमुना होता. सूत्राचं सार एवढंच: रुंदी दुप्पट केली तर पिलरची दर चौरस मीटर ताकद सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते, आणि उंची दुप्पट केली तर ती सुमारे ३७ टक्क्यांनी घटते. पिलरची ताकद भागिले त्यावरचा भार हा झाला सुरक्षा गुणांक. तो १ असेल तर पिलर काठावर आहे. उभ्या राहिलेल्या ९८ पैकी निम्म्या जागांचा गुणांक १.३ ते १.९ मध्ये आला, आणि त्यावरून १.६ हा आकडा तिकडे रूढ झाला.

तोच पिलर, तीन हिशेब

आता वरचा आपला १२ मीटरचा पिलर या सूत्रात घालून बघू. हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत, कुठल्या खऱ्या खाणीचे नाहीत.

उंची २.४ मीटर असताना पिलरची ताकद दर चौरस मीटरला सुमारे १,२६७ टन येते, भार ८४४ टन. गुणांक १.५. फार ऐसपैस नाही, पण उभा राहील.

आता छताचा कोळसा काढून उंची ४.२ मीटर करा. भार काही बदलला नाही, ८४४ टनच. ताकद मात्र ८७६ टनांवर आली. गुणांक १.०४. या एका कामात प्रत्येक पिलरमागे सुमारे ४५० टन कोळसा हाती लागला.

त्याऐवजी उंची २.४ च ठेवून पिलर चारही बाजूंनी एकेक मीटर तासला, तर रुंदी १० मीटर आणि गॅलरी ८ मीटर होते. इथे दोन्हीकडून मार बसतो. भार १,२१५ टनांवर जातो, ताकद १,१६५ टनांवर येते आणि गुणांक ०.९६ होतो, म्हणजे एकाच्याही खाली. कोळसा मिळाला जेमतेम १५० टन.

बाजू तासणं हे उघड पाप आहे. नकाशावर दिसतं, टेप लावला की पकडलं जातं आणि कोळसाही थोडाच मिळतो. छताचा कोळसा काढणं तिप्पट फायद्याचं, नकाशावर न दिसणारं, आणि परिणाम जवळजवळ तेवढाच वाईट. मोह कुठे होणार हे सांगायला नको.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. समजा थर ४.२ मीटर जाड आहे आणि पूर्ण जाडी काढायची हे पहिल्या दिवशीच ठरवलं. मग १५० मीटर खोलीला पिलर १८ मीटरचा ठेवावा लागेल, गॅलरी तीच ६ मीटरची. गुणांक १.६ च्या जवळ येतो आणि थरातला सुमारे ४४ टक्के कोळसा निघतो. उलट १२ मीटरचे पिलर ठेवून फक्त खालचे २.४ मीटर काढले तर पूर्ण थराच्या हिशेबाने ३२ टक्केच निघतो. मोठा पिलर ठेवून जास्त कोळसा मिळाला, तोही अधिक सुरक्षितपणे. उंची आधी ठरवून रुंदी नंतर काढली तर हे जमतं. रुंदी आधी ठरवून दहा वर्षांनी उंची वाढवायला गेलं तर मागे येऊन पिलर जाड करता येत नाही.

आपल्याकडचं कोष्टक

भारतात पिलरचं किमान माप कायद्याने ठरतं. १९५७ च्या कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये त्याचं कोष्टक होतं, आणि कित्येक वर्षं खाण व्यवस्थापकाच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाने ते तोंडपाठ केलेलं आहे. डावीकडे खोली, वर गॅलरीची रुंदी, आणि चौकटीत दोन पिलरच्या मध्यांमधलं अंतर. गॅलरी ४.८ मीटरची असेल तर ६० मीटर खोलीपर्यंत हे अंतर किमान १९.५ मीटर, १५० ते २४० मीटर खोलीला ३४.५ मीटर, आणि ३६० मीटरच्या खाली ४८ मीटर. म्हणजे डेव्हलपमेंटमध्ये उथळ खाणीत ४३ टक्क्यांपर्यंत कोळसा निघतो, तर ३६० च्या खाली जेमतेम १९ टक्के. आफ्रिकेतल्या मापांपुढे हे फारच सढळ वाटतं, पण आपल्याकडे पिलर पुढे काढून घ्यायचे असतात. डिपिलरिंगच्या वेळी शेजारचं छत पडतं तेव्हा त्याचा भारही याच पिलरला सोसायचा असतो.

या कोष्टकात उंचीचा रकाना नाही. त्याऐवजी गॅलरीला कमाल मर्यादा घातली आहे: रुंदी ४.८ मीटर, उंची ३ मीटर. त्यापुढे जायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. साधा, ठोक नियम आहे, आणि ठोक नियमाचा फायदा असा की तो रात्रपाळीच्या ओव्हरमनलाही, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्यालाही, टेप लावून तपासता येतो. बारकाव्यात जायचं तर धनबादच्या केंद्रीय खाण आणि इंधन संशोधन संस्थेचं सूत्र आहे. त्यात कोळशाच्या अडीच सेंटिमीटरच्या ठोकळ्याची ताकद, खोली आणि रुंदी-उंचीचं प्रमाण हे तिन्ही येतं, कारण झरियाचा कोळसा आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा एका मापाने मोजता येत नाही.

वर्धा खोऱ्याचा उल्लेख आला तर एक सांगायला हवं. चंद्रपूर, वणी, माजरी या पट्ट्यात थर जाड आहे, काही ठिकाणी दहा-पंधरा मीटरच्या घरात. ३ मीटरच्या गॅलरीने अशा थराचा एक तुकडाच निघतो, म्हणून जाड थरात एकाखाली एक अशा दोन टप्प्यांत गॅलऱ्या काढतात. तेव्हा वरच्या पिलरखाली खालचा पिलर नेमका आला पाहिजे. तो सरकला तर वरच्याचा भार खालच्या गॅलरीच्या छतावर येतो. दोन टप्प्यांमधे किमान ३ मीटर कोळसा किंवा खडक अखंड राखायचा, तोही याचसाठी. मधला थर फुटला की दोन वेगळे ३ मीटरचे पिलर राहत नाहीत, एकच नऊ-दहा मीटर उंच पिलर होतो, आणि त्याचं काय होईल ते वर आलंच आहे.

डिपिलरिंगनंतरची पोकळी नदीच्या रेतीने भरायची पद्धत, म्हणजे सँड स्टोइंग, इथेच उपयोगी पडते. पाण्याबरोबर पाइपातून सोडलेली रेती स्वतः डोंगर उचलत नाही. पण पिलरच्या बाजूला ती दाबून बसली की मोकळी भिंत बुजते आणि पिलर जणू बुटका होतो.

एक पडला की शेजारचा

एक पिलर कमकुवत निघाला तर खाण बसत नाही. त्याने टाकलेला भार शेजारचे चार उचलतात. पण सगळेच काठावर असतील, तर शेजारच्यांना तेवढा जादा भार पुरतो, मग त्यांच्या शेजारच्यांना, आणि काही मिनिटांत एक पूर्ण पॅनेल, म्हणजे खाणीचा एक अख्खा विभाग, खाली येतं. कोलब्रुकला हे झालं. अशा वेळी आतली सगळी हवा एकदम गॅलऱ्यांतून बाहेर ढकलली जाते आणि दगडाखाली न सापडलेली माणसंही त्या झोताने मरतात.

म्हणून खाणीची वेगवेगळ्या पॅनेलमध्ये विभागणी करतात आणि दोन पॅनेलमधे एक लांबच लांब, भरपूर रुंद बॅरियर पिलर ठेवतात. त्याचं काम रोजचा भार उचलणं हे दुय्यम. पडझड सुरू झालीच तर ती तिथे अडली पाहिजे. पॅनेल खोलीच्या मानाने अरुंद असेल तर वरचा खडक दोन बॅरियरवर टेकून थोडा भार स्वतःच पेलतो, आणि मधल्या पिलरना आपल्या हिशेबापेक्षा कमी सोसावं लागतं. बॅरियर काढला की ही सगळी मेहेरबानी संपते.

बारीक पिलर आणि जाड पिलर यांच्या मोडण्यातही फरक आहे. रुंदी उंचीच्या दोन-तीन पट असेल तर पिलर कमाल भाराला पोचल्यावर झटकन ताकद टाकतो, आणि साखळी लागते. प्रमाण ८-१० च्या पुढे गेलं की बाजू कितीही सुटल्या तरी गाभा उलट अधिकाधिक घट्ट होत जातो. असा पिलर भाराने मोडणं जवळजवळ अशक्य मानतात. मग सगळीकडे तेवढे जाड पिलर ठेवले की काम झालं का?

अमेरिकेतल्या युटा राज्यात क्रँडल कॅनियन खाणीत ६ ऑगस्ट २००७ ला जे झालं, त्याने या समजालाही तडा गेला. सहाशे मीटरहून जास्त खोली, दोन्ही बाजूंना आधीच कोळसा काढून मोकळा केलेला भाग, आणि त्यांच्या मधल्या बॅरियरमध्येच गॅलऱ्या काढून त्याचे पिलर केलेले. उंची अडीच मीटरच्या आत, रुंदी उंचीच्या सातपट. बाजूच्या पोकळ्यांचा सगळा भार या पट्ट्यावर आलेला. त्या दिवशी पिलर हळूहळू बसले नाहीत, फुटले. बाजूचा कोळसा स्फोटासारखा गॅलऱ्यांमध्ये उडाला. सहा कामगार आत अडकले, आणि दहा दिवसांनी त्यांच्याकडे वाट काढताना पुन्हा पिलर फुटून बचाव पथकातले तिघे गेले. भूकंपमापकांवर ३.९ तीव्रतेची नोंद झाली. खाणीच्या मालकांनी आधी भूकंप झाला म्हणून खाण पडली असं सांगितलं, पण भूकंपशास्त्रज्ञांचं आणि पुढे सरकारी तपासाचं म्हणणं नेमकं उलट होतं. खाण पडली, तोच तो भूकंप होता.

जाड पिलर जास्त भार सोसतो म्हणजे तेवढी ऊर्जाही साठवतो. कोळसा कडक, छत आणि जमीन मजबूत आणि खोली जास्त असली की ही ऊर्जा बाजूने बाहेर पडते. खाणीत याला बंप म्हणतात. आपल्या विदर्भातल्या खाणी एवढ्या खोल नाहीत, त्यामुळे इथे ही भीती फारशी नाही.

पिलर नको तिथे उभा राहिला तर

डिपिलरिंगमध्ये सगळंच उलटं होतं. इथे छत पडायला हवं असतं, माणसं आणि यंत्रं बाहेर आल्यावर, मागच्या गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेत. पिलरमधून गॅलरी काढून त्याचे दोन भाग करतात, मग एकेक भाग तासत नेतात, आणि गोफच्या बाजूला कोळशाची पातळ फाक ठेवतात. तिला रिब म्हणतात. तिचं काम सरदार (तिथल्या कामावरचा मुकादम) आणि त्याची माणसं बाहेर पडेपर्यंत उभं राहणं, आणि नंतर मोडणं. ती फार पातळ असेल तर छत डोक्यावर येतं. फार जाड राहिली तर ती मोडतच नाही. छत मागे मोठ्या क्षेत्रावर लटकून राहतं, दिवसेंदिवस त्याचा भार पुढच्या उभ्या पिलरवर सरकत जातो, आणि पडतं तेव्हा हजारो चौरस मीटर एकदम पडतं. कित्येकदा पुढे काम चालू असलेले पिलरही त्या भाराखाली चिरडले जातात. कोळसा वाया गेला म्हणून नव्हे, तर छत अडवून धरलं म्हणून ही उरलेली कोळशाची बोटं सुरुंग लावून मुद्दाम पाडावी लागतात.

सुरुंगाचा विषय निघालाच आहे तर, ड्रिलिंग-ब्लास्टिंगने काढलेल्या पिलरची मोजलेली रुंदी खरी रुंदी नसते. बाजूंचा साधारण फूटभर कोळसा स्फोटानेच खिळखिळा झालेला असतो. कंटिन्युअस मायनरने, म्हणजे सुरुंगाशिवाय कोळसा कापणाऱ्या यंत्राने, कापलेल्या पिलरला हा तोटा नसतो, त्यामुळे त्याच मापाचा पिलर थोडा जास्त मजबूत भरतो.

आणि काळ. वर्षानुवर्षं बाजू सुटत राहतात, पाणी साठून जमीन भिजते, खालची माती मऊ असेल तर पिलर अख्खाच्या अख्खा तिच्यात रुततो. सोडून दिलेल्या खाणींवरची घरं कधी चाळीस, कधी साठ वर्षांनी तडकतात ती यामुळे. झरिया आणि राणीगंजमध्ये राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाजगी खाणींचे असे कितीतरी पिलर जमिनीखाली उभे आहेत, त्यांतले बरेच पाण्यात. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळा खाणीत जुन्या भागातलं पाणी बॅरियर फोडून आत शिरलं आणि ३७५ माणसं बुडाली. पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, आणि गेलंच तर पुढे बोअर मारून चाचपत जायचं, असा नियम आहे. हे ६० मीटर जुन्या नकाशावरून मोजतात. त्या नकाशावर पिलरची लांबी-रुंदी असते, गॅलऱ्या असतात, सही-शिक्का असतो. कोणत्या गॅलरीत छताचा कोळसा किती पाडला, हे बहुतेक जुन्या नकाशांवर नाही.